वाचकांचे प्रश्न : ली घराण्याच्या ट्रंका, गव्हाचं पीक आणि न लपवलेली ओळ

गेल्या अंकात अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या ली घराण्याच्या पत्रांवर लिहिलं होतं त्यावर इतके प्रश्न आले की वेगळा लेख लिहायच्या ऐवजी उत्तरंच देतो. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: १८६१ ते १८६५ असं चार वर्षं युद्ध झालं, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याने ९ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियात अपोमॅटॉक्सला उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शस्त्रं खाली ठेवली, त्यानंतर तो पाच वर्षं जगला आणि त्या पाच वर्षांत बायको, मुलं, भाऊबंद यांच्यात ढीगभर पत्रव्यवहार झाला जो आज वेगवेगळ्या संग्रहांत आहे. बास, आता प्रश्न.

प्रश्न : बँकेच्या तळघरात ट्रंका ८५ वर्षं पडून होत्या आणि कुणाला पत्ताच नाही हे जरा अतीच वाटतं. इतक्या मोठ्या घराण्याच्या वस्तू कोण विसरेल?

मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा असंच वाटलं होतं, पण झालंय खरं तसंच. बँक म्हणजे अलेक्झांड्रियातली बर्क अँड हर्बर्ट, वॉशिंग्टनच्या अगदी पलीकडे, पोटोमॅक नदीच्या काठी. लीची थोरली मुलगी मेरी कस्टिस ली, तिने १९१७ साली दोन ट्रंका तिथे ठेवल्या, पुढच्याच वर्षी ती वारली. २००२ साली त्या बँकेच्या तळघरात हाती लागल्या. आत पत्रं तर होतीच, शिवाय पोस्टकार्डं, बिलं, इस्टेटीचे कागद, आईच्या माहेरच्या इस्टेटीवरच्या गुलामांच्या याद्या, प्रवासात गोळा केलेलं सटरफटर, सगळं एकत्र. म्हणजे कुणी विचार करून लावलेला संग्रह नव्हे, घर आवरताना "हे नंतर बघू" म्हणून जे कोंबतो ना, ते.

आता विसरले कसे, तर जरा तिची परिस्थिती बघा. लीला सात मुलं. ॲनी युद्धातच गेली, ॲग्नेस १८७३ ला, रूनी १८९१ ला, मिल्ड्रेड १९०५ ला, कस्टिस १९१३ ला, रॉब १९१४ ला. ही सगळ्यात शेवटची उरली. लग्न केलेलं नाही (चारही बहिणींपैकी एकीनेही केलं नाही), आयुष्याचा मोठा भाग परदेशात फिरण्यात, १९१४ चं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बाई युरोपातच होत्या. अशा बाईच्या सामानाची पावती कुठे आहे हे विचारायला घरात माणूसच नव्हतं. पुतणे-पुतण्या होत्या पण त्यांना आजोबांचे जे कागद हवे होते ते आधीच हाताशी होते असं त्यांना वाटलं असणार.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, प्रश्नाशी थेट संबंध नाही पण राहवत नाही. ह्याच मेरीबाईंना १९०२ साली त्याच अलेक्झांड्रियात ट्रॅममध्ये अटक झाली होती! कारण काय, तर त्या कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या मागच्या भागात बसल्या, हातात सामान होतं, उठायला सांगितलं तर उठल्या नाहीत. व्हर्जिनियात तेव्हा ट्रॅममध्ये गोरे-काळे वेगळे बसवायचा कायदा नवा नवा आलेला. ह्यावरून कुणी त्यांना समतेच्या लढ्यातली बाई वगैरे करू नका, सामान जड होतं आणि उठायचं जिवावर आलं होतं एवढंच.

प्रश्न : ली मुलींना लिहितो ती पत्रं वाचून मला तो माणूस आवडायला लागलाय आणि त्याचा मला त्रास होतोय. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचा सेनापती आणि मांजरांबद्दल, घोड्याबद्दल इतकं गोड लिहितो? यातलं खरं कुठलं?

तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस उत्तर लिहायचं टाळलं कारण मलाही ते झालेलं आहे.

आधी गोडवा. २१ डिसेंबर १८६६ चं मिल्ड्रेडला लिहिलेलं पत्र आहे, लेक्सिंग्टनहून. मिल्ड्रेड धाकटी, ती बाहेरगावी गेलेली. बाप तेव्हा तिथल्या वॉशिंग्टन कॉलेजचा अध्यक्ष आहे, वर्षाला दीड हजार डॉलर पगार, राहायला घर आणि फीमधला काही हिस्सा. पत्रात तो लिहितो की ट्रॅव्हलर आणि कस्टिस दोघेही बरे आहेत, आपल्या नेहमीच्या रुबाबदार चालीने चाललेत, आणि लेक्चरं-कॉन्सर्टं असल्या थिल्लर करमणुकीने बहकत नाहीत. आता ट्रॅव्हलर म्हणजे घोडा, आणि कस्टिस म्हणजे थोरला मुलगा, तिशी ओलांडलेला, अविवाहित, शेजारच्याच लष्करी कॉलेजात प्रोफेसर. घोडा आणि पोरगा एका वाक्यात, एकाच चालीचे! असा विनोद करणारा माणूस आवडणारच हो, त्यात तुमची काही चूक नाही.

आता दुसरं पत्र. १२ मार्च १८६८, धाकटा मुलगा रॉब याला. रॉब तेव्हा पामंकी नदीकाठी आजोबांकडून आलेल्या रोमनकोक नावाच्या शेतावर एकटा राबतोय. पत्राची सुरुवात गव्हापासून होते, हिवाळ्याने तुझ्या गव्हाचं नुकसान केलं हे ऐकून वाईट वाटलं, जे पेरशील ते नीट कर, जमिनीची मशागत चांगली कर म्हणजे कष्ट कमी आणि फायदा जास्त. अगदी कुठलाही शेतकरी बाप लिहील तसं. आणि मग त्याच पत्रात, शाई न बदलता, तो मुलाला सांगतो की काळ्या मजुरांच्या जिवावर तुझं कधी भलं होणार नाही, जे तुझ्या नुकसानीच्या खटपटीत आहेत त्यांनाच पोसत बसणं विचार करणाऱ्या माणसाला सहन होत नाही. पुढे असंही म्हणतो की मला त्यांचं वाईट व्हावं असं वाटत नाही, होईल तेवढं त्यांचं भलंच करीन, पण आपले हितसंबंध गोऱ्यांशीच जोडलेले आहेत.

तर तुम्ही विचारता यातलं खरं कुठलं. दोन्ही. आणि हे मी गुळमुळीत "माणूस गुंतागुंतीचा असतो" अशा अर्थाने म्हणत नाहीये, त्या वाक्याचा मला कंटाळा आलाय. मी म्हणतोय की दोन्ही पत्रांतला आवाज एकच आहे. तोच शांतपणा, तीच मुलांची काळजी, तीच उपदेश करायची सवय. कृष्णवर्णीयांबद्दलची ती ओळ रागात लिहिलेली नाही, ती गव्हाच्या सल्ल्याच्या पुढचा सल्ला म्हणून आलीय. लीच्या मनात ती दोन वेगळ्या कप्प्यांत नव्हतीच, ते कप्पे आपण करतो कारण आपल्याला मांजरं-घोडा ठेवून बाकीचं बाजूला काढायचं असतं.

आणि ह्याच्याही पुढची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकली. हे १८६८ चं पत्र कुणा संशोधकाने कुलूप फोडून बाहेर काढलेलं नाही. ते खुद्द रॉबनेच १९०४ साली वडिलांच्या आठवणी आणि पत्रांचं जे पुस्तक काढलं त्यात छापलंय. त्या पुस्तकात रॉब काय झाकतो बघा, कुठे कुणा बाईचं नाव आलं, कुणा ओळखीच्या माणसाचं नाव आलं की नावाच्या जागी नुसती रेघ. म्हणजे झाकायचं भान त्याला होतं, कुणाची नाचक्की होऊ नये ही घराण्याची रीत तो पाळत होता. पण मजुरांबद्दलच्या ओळीवर रेघ नाही. १९०२ ला व्हर्जिनियाने नवी राज्यघटना करून बहुतेक कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला होता, १९०४ च्या त्याच्या वाचकाला त्या ओळीत लाजण्यासारखं काहीच दिसणार नव्हतं, उलट बापाची दूरदृष्टी दिसली असती.

म्हणून घराण्याची पत्रं वाचताना सगळे विचारतात की घरच्यांनी काय लपवलं, मी अलीकडे उलटं बघतो, त्यांना काय लपवावंसंच वाटलं नाही. तिथे जास्त सापडतं.

प्रश्न : एकाच घरात किती मेरी आणि किती फिट्झह्यू आहेत? वाचताना डोकं फिरतं.

फिरणारच. बायको मेरी, थोरली मुलगी मेरी. घरात मुलीला नुसतं "डॉटर" म्हणायचे, तेव्हा पत्रात डॉटर आलं की इतर मुली नव्हे, हीच. विल्यम हेन्री फिट्झह्यू हा मधला मुलगा, त्याला बाकी जग रूनी म्हणतं पण बाप पत्रात फिट्झह्यू लिहितो. आणि फिट्झह्यू ली म्हणून लीचा एक पुतण्याही आहे, तोही घोडदळाचा जनरल, तो पुढे व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला. कस्टिस हे मुलाचं नाव आणि बायकोचं माहेरचं आडनावसुद्धा. मिल्ड्रेडला बाप कधी कधी "लाइफ" म्हणतो. एका कागदावर हे लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवा, मी तसंच करतो.

प्रश्न : त्या काळची मूळ पत्रं स्कॅनमध्ये बघितली तर ओळींवर आडव्या ओळी लिहिलेल्या दिसतात. हे खराब झालंय की मुद्दाम?

मुद्दाम. पान भरलं की ते काटकोनात फिरवायचं आणि आधीच्या मजकुरावरूनच परत लिहायचं, जाळी झाल्यासारखं दिसतं. कागद आणि टपालखर्च वाचवायला हे सगळीकडेच करायचे, टपाल वजनावर होतं, युद्धानंतर अर्ध्या औंसाला तीन सेंट. दक्षिणेत तर युद्धाच्या शेवटी कागदाची इतकी बोंब होती की वापरलेलं पाकीट उलगडून आतली बाजू बाहेर करून परत पाठवायचे, भिंतीला लावायच्या कागदाची पाकिटं करायचे.

वाचायची युक्ती एकच: दोन्ही दिशा एकदम वाचायला जाऊ नका. स्क्रीनवर असेल तर आधी एका दिशेने सगळं पान वाचून, टाइप करून मोकळे व्हा, मग चित्र फिरवा. सुरुवातीला दुसऱ्या ओळी नजरेत घुसतात, अर्ध्या तासाने डोळा आपोआप त्यांना गाळायला लागतो. खरंच लागतो, मला वाटलं नव्हतं. तारखांच्या बाबतीत, "१७ इन्स्ट." म्हणजे चालू महिन्याची १७ आणि "अल्ट." म्हणजे गेल्या महिन्याची, हे माहीत नसेल तर घटनाक्रम महिन्याने चुकतो. आणि मिसेस लींचं अक्षर अवघड वाटलं तर त्यांना नावं ठेवू नका, संधिवाताने हात वाकडे झाले होते, बाई शेवटची वर्षं चाकांच्या खुर्चीत होत्या. लेक्सिंग्टनला १८६९ साली कॉलेजच्या अध्यक्षांसाठी नवं घर बांधलं त्याला तिन्ही बाजूंनी व्हरांडा केला तो त्यांची खुर्ची फिरावी म्हणून.

प्रश्न : ९२ डॉलरच्या टॅक्ससाठी सरकारने ११०० एकरांची आर्लिंग्टन इस्टेट घेतली हे खरं का? हा सरळ सरळ अन्याय नाही का?

आकडा खरा आहे, ९२ डॉलर ०७ सेंट. १८६२ च्या कायद्याने बंडखोर भागातल्या जमिनींवर कर लावला, आणि वसुली अधिकाऱ्यांनी नियम काढला की मालकाने स्वतः हजर राहून भरायचा. मालकीण मिसेस ली, त्या आजारी आणि शत्रूच्या बाजूला. त्यांनी एका नातेवाइकाच्या हाती पैसे पाठवले, ते घेतले नाहीत. जानेवारी १८६४ ला लिलाव, बोली लावणारं सरकारच, २६,८०० डॉलर. त्याच उन्हाळ्यात तिथे सैनिकांची दफनभूमी सुरू झाली, आणि काही कबरी मुद्दाम घराला, मिसेस लींच्या फुलबागेला लागून खणल्या, की घरच्यांनी परत येऊन राहायचं म्हटलं तरी राहता येऊ नये.

अन्याय झाला का, तर कोर्टानेच हो म्हटलं. आई गेल्यावर कस्टिसने केस केली, सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला, मग सरकारने दीड लाख डॉलर मोजून इस्टेट रीतसर विकत घेतली. सरकारच्या वतीने ती ताब्यात घेणारा युद्धमंत्री कोण होता माहितीये? रॉबर्ट टॉड लिंकन, अब्राहम लिंकनचा मुलगा. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने काटलं असतं.

पण एक सांगतो, पत्रांत ह्या विषयाचा जोर बघा. ली स्वतः फार जपून लिहितो, बायकोच्या पत्रांतला सूर तिखट आहे, ते तिच्या वडिलांचं घर होतं, तिचं लग्न तिथल्या दिवाणखान्यात झालेलं. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरून तिच्या वडिलांकडे आलेल्या वस्तूही सरकारने नेल्या होत्या. १८६९ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्या परत द्यायचं ठरवलं तर काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) अडवलं, शेवटी १९०१ ला वारसांना मिळाल्या. १८७३ साली बाई एकदाच आर्लिंग्टन बघायला गेल्या, गाडीतून उतरल्या नाहीत, बसल्या जागेवरून बघितलं आणि परत फिरल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ॲग्नेस गेली आणि तीन आठवड्यांनी बाई गेल्या.

आता अन्यायाचा तराजू काढायचाच असेल तर दुसरंही पारडं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : एवढ्या सगळ्या पत्रांत नोकरचाकर, गुलाम कुठे आहेत? त्यांची पत्रं का नाहीत?

तुम्ही एम.ए. ला हा विषय घेतलाय असं लिहिलंय, तर जरा लांब उत्तर देतो.

"का नाहीत"चं सरळ कारण म्हणजे व्हर्जिनियात गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्यावर कायद्याने बंदी होती. काही घरांत ती मोडली जायची, आर्लिंग्टनलाही बायका काहींना शिकवायच्या. दुसरं कारण, पत्र टिकायला ते ठेवायला जागा लागते, ट्रंक लागते, बँक लागते, तीन पिढ्या न हललेलं घर लागतं. ज्याला स्वतःचं कपाट नाही त्याचा पत्रसंग्रह कुठून येणार.

तरी माणसं सापडतात. सेलिना ग्रे. आर्लिंग्टनच्या घरात जन्मापासून गुलाम, मिसेस लींच्या खास विश्वासातली. १८६१ ला मिसेस ली घर सोडून गेल्या तेव्हा किल्ल्या हिच्या हातात दिल्या. उत्तरेचं सैन्य घरात उतरलं, वॉशिंग्टनच्या वस्तू गायब व्हायला लागल्या तेव्हा हिने जनरल मॅकडॉवेलला जाऊन सांगितलं आणि उरलेल्या वस्तू सुरक्षित ठेवायला लावल्या. युद्धानंतर ती नवऱ्याबरोबर जवळच स्वतःची जमीन घेऊन राहिली. १८७२ साली तिने मिसेस लींना लिहिलेलं पत्र आजही आहे. ते वाचताना घाई करू नका. एक स्वतंत्र झालेली बाई आपल्या जुन्या मालकिणीला लिहितेय, आणि मालकीण आता आपल्याच घरात पाय ठेवू शकत नाही. त्यात माया आहे म्हणून लगेच "बघा किती चांगले संबंध होते" असं म्हणणाऱ्यांची कमी नाही, पण जे पत्र मालकिणीने जपून ठेवलं तेच आपल्यापर्यंत आलंय हे विसरायचं नाही. सेलिनाचा दोन मुलींबरोबरचा एक फोटो तर २०१४ साली ऑनलाइन लिलावात मिळाला, इंग्लंडमधल्या विक्रेत्याकडे. तो आता आर्लिंग्टनलाच आहे.

दुसरा माणूस वेस्ली नॉरिस, आणि इथे माया वगैरे काही नाही. मिसेस लींचे वडील १८५७ ला वारले, मृत्युपत्रात गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करा असं लिहिलं होतं, अंमलबजावणी ली जावयाकडे. लोकांना वाटलं आपण आत्ताच मोकळे झालो, लीने आधी इस्टेटीचं कर्ज फेडायचं म्हणून काम करून घेतलं. १८५९ ला नॉरिस, त्याची बहीण आणि एक चुलतभाऊ पळाले, मेरीलँडमध्ये पकडले गेले. नॉरिसने १८६६ साली एका गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्रात सांगितलं की लीने चाबकाचे फटके मारवले आणि जखमांवर मिठाचं पाणी ओतायला लावलं. ली खाजगीत हे नाकारत राहिला, जाहीर उत्तर दिलं नाही. पुढे संशोधकांनी लीचे हिशोब तपासले तेव्हा पळालेल्या गुलामांना पकडल्याबद्दल दिलेल्या पैशांची नोंद मिळाली, आणि नॉरिसने ज्या कॉन्स्टेबलचं नाव घेतलं होतं तेच नाव तिथेही होतं.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला, पत्रांच्या फोल्डरआधी हिशोबाचं फोल्डर मागा. पत्र लिहिताना माणूस वाचणाऱ्याचा विचार करतो. हिशोब लिहिताना त्याला फक्त बेरीज जुळवायची असते.

प्रश्न : लीने शरण आल्यावर माफीची शपथ घेतली होती की नव्हती? दोन ठिकाणी दोन वेगळं वाचलं.

घेतली होती. दोन वेगळं वाचायला मिळतं कारण १९७० पर्यंत लोकांना "नाही" असंच वाटत होतं. लीने १३ जून १८६५ ला माफीचा अर्ज केला, ग्रँटने शिफारस केली. त्याच्यासोबत निष्ठेची शपथ लागते हे नंतर कळलं, ती त्याने २ ऑक्टोबर १८६५ ला सही करून दिली, ज्या दिवशी कॉलेजच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी. आणि तो कागद परराष्ट्र खात्याच्या कागदांत जाऊन पडला. कुणी काही केलंच नाही. १९७० ला राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला, १९७५ ला काँग्रेसने नागरिकत्व परत दिलं आणि ५ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष फोर्डने आर्लिंग्टनच्या घरी त्यावर सही केली. ली जाऊन तेव्हा जवळजवळ १०५ वर्षं झाली होती. बँकेतल्या ट्रंका विसरल्या म्हणून आश्चर्य वाटणाऱ्या पहिल्या वाचकाने हेही नोंदवून ठेवावं, सरकारसुद्धा विसरतं.

प्रश्न : एकच पत्र सुचवा, जास्त वेळ नाही.

मार्च १८७० चं, रूनीला लिहिलेलं. तब्येत ढासळलेली, डॉक्टरांनी दक्षिणेकडे हवापालटाला जायला सांगितलंय. ली लिहितो की मला ॲनीची कबर बघायचीय, जायचं असं नेहमी मनाशी ठरवलं होतं, आता जायचंच असेल तर वेळ फार उरलेला नाही. ॲनी १८६२ ला तेवीस वर्षांची असताना टायफॉइडने नॉर्थ कॅरोलिनात गेली, तिथेच पुरली, युद्धाच्या धामधुमीत बापाला जाता आलं नव्हतं. ॲग्नेसला घेऊन तो गेला. ऑक्टोबरात तो स्वतः वारला.

दुरुस्ती : गेल्या अंकात मी आर्लिंग्टनच्या खटल्याचा निकाल १८८३ चा लिहिला होता, तीन वाचकांनी पकडलं. निकाल डिसेंबर १८८२ चा, पैसे मिळाले १८८३ ला. चूक माझीच, मुद्रितशोधकाला बोलू नका. तिघांपैकी एकाने नुसतं "८२!" एवढंच पाठवलंय, पोचलं.